कारखानीसांचं मेन गेट

आमच्या शेजारचे कारखानीस रोज सकाळी अंघोळ, पूजा आटोपली की हॉलच्या मधोमध उभे राहतात आणि घरातल्या यंत्रांची हजेरी घेतात. हातात मोबाइल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा, की खाली उभ्या रिक्षावाल्याने मान वर करून बघावं.

"गिझर!"

मग मोबाइलमध्ये बघतात. "हजर."

"गॅलरीतला दिवा! हजर. मॅडम! हजर. दारावरचा कॅमेरा!" जरा थांबतात. "कॅमेरा! … गैरहजर. या आठवड्यात परत खाडा."

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, तीही पातळ. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, म्हातारा गेला कामातून. ती तेव्हा होती. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटा माणूस आहे. कुणाचं तरी नाव यायला नको का तोंडात?"

कारखानीस मूळचे नौपाड्यातले. तिथली बिल्डिंग पाडायला काढली तेव्हा इकडे खोपटला भाड्याने आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसला. म्हणजे गेटवर बसायचं, कोण किती वाजता आला, कोण गेला, कोणाचा खाडा, कोणाची रजा, ते सांभाळायचं. जेवणाचा भोंगाही हेच वाजवायचे. कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता काचेची मोठी इमारत आहे. पण गेट काही या माणसाच्या डोक्यातून गेलं नाही. भाच्याने घरात वाय-फाय बसवून दिलं आणि यांना गेट परत मिळालं.

त्या वाय-फायचं नावच त्यांनी 'मेन गेट' ठेवलंय.

"जाधव, हे बघा," मला समजावलं होतं त्यांनी, "ही सगळी यंत्रं म्हणजे कामगार. हा डबा म्हणजे गेट. आणि हा मोबाइल म्हणजे टाइम ऑफिस. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर उभं करायचं, ते टाइम ऑफिस ठरवणार."

मी म्हटलं, "आणि पगार?"

"वीज."

मी आयुष्यभर एसटीच्या डेपोत गाड्यांखाली झोपून काम केलेला माणूस. शिक्षण सातवी. मला यातलं फार कळत नाही, पण पाना कुठे लागतो आणि कुठे नाही तेवढं कळतं. या माणसाच्या घरात मात्र पाना लावायला जागाच नव्हती. सगळं हवेतून.

डबा शोकेसवर, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालावर. दोन अँटिना सरळ उभ्या. "सावधानमध्ये ठेवायच्या, विश्राम चालत नाही." डबा आणि टीव्ही यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही. त्यांच्या वाढदिवसाला बहिणीकडची माणसं कल्याणहून आलेली, त्यात जावई चांगला आडवातिडवा. कारखानीस त्याला केक कापून होईपर्यंत तीनदा म्हणाले, "जावईबापू, जरा डावीकडे. सिग्नल अडतोय." त्याच जावयाने घरात पाऊल टाकताक्षणी पासवर्ड मागितला होता. यांनी हात जोडले. "आधी पाणी घ्या. मग गेटपास." पाहुण्यांचा गेटपास वेगळा असतो. पाहुणे जिना उतरले की तो रद्द. जावई रिक्षात बसायच्या आत त्याचं गाणं बंद पडलं, असं बहीण फोनवर सांगत होती.

मॅडम म्हणजे तो बोलका डबा. आपण बोलायचं आणि त्याने ऐकायचं. लोक त्याला हुकूम सोडतात म्हणे. कारखानीस विनंती करतात. "मॅडम, हॉलमधला दिवा लावता का?" मॅडम हिंदीत माफी मागते. "अहो, माफी कसली मागता, दिवा लावा." परत माफी. शेवटी हेच उठून बटण दाबतात आणि वर तिला म्हणतात, "राहू द्या, तुमचंही वय झालं."

दारावरच्या कॅमेऱ्याला त्यांनी निलंबित केलं होतं. मांजर गेलं तरी तो यांच्या मोबाइलवर कळवायचा, दारात माणूस आहे. मी दूध आणायला गेलो तरी कळवायचा. "चहाडखोर आहे," कारखानीस म्हणाले. "असला एक माणूस आमच्या पेंट शॉपमध्ये होता. त्याचंही कुणाशी पटलं नाही."

माझा आणि या गेटचा संबंध आला तो माझ्या मुलीमुळे. सुषमा डोंबिवलीला दिलेली. तिने मोठा टीव्ही आणून दिला, केबल काढून टाकली आणि सांगितलं, बाबा, हा नेटवर चालतो. मी म्हटलं, नेट कुठे आहे आपल्याकडे? ती गेली शेजारी. कारखानीसांनी आधी भिंतीला मोबाइल लावून सिग्नल मोजला. मग आमच्या मोरीबाहेरच्या पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "हे हलवा. पाणी सिग्नल पितं."

"पिऊ दे," मी म्हटलं. "पाणी रोज येत नाही, सिग्नल रोज येतो."

आमच्या हिने ते पिंप गुपचूप हलवलं. टीव्ही लागला. कारखानीसांनी मोबाइलमध्ये माझ्या टीव्हीचं नाव घातलं आणि मला दाखवलं. 'जाधव, बदली कामगार.' मी म्हटलं, कायम कधी करणार? म्हणाले, "वागणूक बघून."

मग ही गेली. आजारपण फार नव्हतं, तरी गेली. त्यावर मी इथे लिहीत नाही.

घर असं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. म्हणून मी टीव्ही लावायचो. सकाळी लावला की रात्री झोपताना बंद. बातम्या. बातम्यांत माणसं ओरडतात, म्हणजे घरात कोणीतरी आहे असं वाटतं. काय बोलतात ते मी ऐकत नव्हतो. जेवण म्हणाल तर चहा आणि बिस्किटं. सुषमाने डबा लावून दिलेला, तो मी बंद केला. परक्याच्या हातची आमटी घशाखाली उतरत नव्हती. पँट सैल झाली, तिला सुतळी बांधली.

कारखानीस एकदा दुपारी दारात येऊन म्हणाले, "जाधव, जेवायला चला."

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. म्हटलं, "मी काय भिकारी आहे? मला कुणाची दया नको. दार ओढून घ्या."

त्यांनी दार ओढून घेतलं. परत कधी जेवायला बोलावलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारचं नेट जायला लागलं. ऐन जेवणाच्या वेळेला. बातम्यावाला तोंड उघडून तसाच थिजायचा, मध्ये एक चक्र फिरत राहायचं आणि घर एकदम बंद पडल्यासारखं व्हायचं. ती शांतता मला सोसवायची नाही. मी तरातरा शेजारी जायचो.

"कारखानीस! तुमचं गेट पडलंय!"

"हो का?" हे ओट्याशी. "लाइनवर लोड आहे दुपारचा. येईल. बसा तोवर."

"बसायला नाही आलो. नेट चालू करा."

"करतो हो. पण हे बिरडं जास्त झालंय. वाल सोलायला सकाळ गेली माझी, टाकवत नाही. नेट येईपर्यंत चाखा."

चाखा म्हणजे समोर ताट. पहिल्या दिवशी मी उभ्याउभ्याच दोन घास घेतले आणि म्हटलं, "गोड आहे. आमच्याकडे साताऱ्याला हे पोरांना देतात, दात यायच्या आधी." दोन दिवसांनी ताटात मिरचीचा खर्डा होता. असा केलेला, की डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, तिखट आहे. ते म्हणाले, "बरं."

मी जेवून हात धुतले की नेट यायचं. तरी मला काही कळलं नाही. पन्नास फुटांवरून इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा मी, मला हा बिघाड कळला नाही.

जेवताना ते कारखान्याच्या गोष्टी सांगायचे. "आमच्याकडे काही लोक भोंगा झाला तरी मशीनवरून उठायचे नाहीत. जेवढा माल काढतील तेवढे पैसे, म्हणून. हाक मारली तर शिव्या द्यायचे. मग मी हाक मारणं सोडलं. मागून जायचं आणि मशीनचा खटका पाडायचा. मशीन थांबलं की माणूस आपोआप उठतो."

"शिव्या नाही द्यायचे?"

"द्यायचे ना. पण उठून द्यायचे."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन. बाकी काही डोक्यात आलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिंदेबाईही याच मेन गेटच्या कामगार. त्या एकदा जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, काय हो, दुपारचं नेट रोज मरतं. त्या म्हणाल्या, "छे हो काका. माझी मालिका असते दुपारी. एक दिवस अडकली नाही."

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही मोठ्याने चालू ठेवला आणि जेवणाच्या वेळेआधीच चपला न घालता शेजारी गेलो. त्यांचं दार दिवसा लोटलेलंच असतं. फटीतून दिसत होतं. कारखानीस पाठमोरे. जमिनीवर दोन पाट मांडलेले, दोन ताटं. माझा टीव्ही भिंतीतून स्वच्छ ऐकू येत होता. त्यांनी हात पंच्याला पुसले, मोबाइल घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि हलक्या आवाजात, सकाळच्यासारखं ओरडून नाही, म्हणाले, "जाधव. जेवणाची सुट्टी." बोट टेकवलं.

भिंतीतला बातम्यावाला अर्ध्या शब्दावर गप्प झाला.

त्यांनी मोबाइल ठेवला आणि माझ्या ताटात खर्डा वाढायला घेतला. आपल्या ताटात नाही. त्यांना तिखट सोसत नाही.

मी आलो तसा मागे गेलो. घरात खुर्चीवर बसलो. चक्र फिरत होतं. किती वेळ बसलो माहीत नाही, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन त्यांचं दार धाडकन ढकललं. "कारखानीस! काय चाललंय काय तुमचं? रोजची कटकट आहे नुसती!"

"येईल हो, येईल," ते म्हणाले. "बसा तोवर."

असं बरं चाललं होतं. एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली आणि झटका देऊन आली, त्यात तो डबा जळाला. कंपनीचा माणूस नवीन घेऊन आला. मी तिथेच होतो. त्याने भराभर सगळी यंत्रं जोडून दिली, माझ्या टीव्हीसकट. कारखानीस त्याच्या पाठीमागे उभे.

"अहो, यात एखाद्या यंत्राला थोडा वेळ थांबवता येतं ना? बाकीची चालू ठेवून?"

"नाही काका. या डब्यात ती सोय नाही."

"जुन्यात होती."

"जुना जळाला ना."

"दुरुस्त नाही होणार?"

"काका, हा जास्त फास्ट आहे."

"मला फास्ट काय करायचाय!" कारखानीस ओरडले. मी त्यांना यंत्रांची नावं घेताना सोडून ओरडताना ऐकलं नव्हतं. मग एकदम माझ्याकडे बघून खाली बघितलं आणि क्रोशाचा रुमाल सरळ करत बसले. तो सरळच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेट गेलं नाही. बातम्यावाला बोलतच राहिला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ताटांचा आवाज झाला. मग त्यांची पावलं दारापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. मी हाकेची वाट बघत होतो. हाक आली नाही. मीच दार ओढून घ्यायला सांगितलं होतं ना. मी बिस्किटं खाल्ली. संध्याकाळी ते जिन्यातून झाकलेलं पातेलं घेऊन खाली जाताना दिसले. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "वॉचमनला देतो. एका माणसाचा अंदाज मला अजून येत नाही."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडे शिट्टी झाली तसा मी उठलो. टीव्ही बंद करायला हात गेला होता, केला नाही. तसाच ओरडत ठेवला, बाहेर आलो आणि त्यांचं दार ढकललं.

"कारखानीस! नवीन डबा आणलात तोही तसलाच. नेट गेलंय माझं."

कारखानीस ओट्याशी उभे. हातात पळी. भिंतीतून माझा टीव्ही असा ऐकू येत होता, की खालच्या मजल्यावरच्या शिंदेबाईंना हेडलाइन पाठ व्हावी. त्यांनी भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं.

"हं," ते म्हणाले. "नवीन आहे. रुळायला वेळ लागेल. बसा तोवर."

पाट एकच मांडलेला होता. त्यांनी घाईघाईने दुसरा ओढला, ताट घेतलं, पंच्याने पुसलं. भात वाढताना दोन शितं पाटावर पडली. मी ती उचलून खाल्ली.

"आज खर्डा नाही," ते म्हणाले. "तुम्ही याल असं…"

"लिंबू आहे का?"

"आहे."

त्यांनी लिंबाची फोड माझ्या ताटात ठेवली आणि समोर बसले.

"उद्याही जाईल बहुतेक," कारखानीस म्हणाले.

"जाणारच," मी म्हटलं. "वाढा अजून थोडं."