सरकारी फडक्याची चोरी

बंडूजींच्या मते वऱ्हाड-नागपुरात तीनच गोष्टी बिनतोड होत्या: नागपूरचं संत्रं, हिंगणघाटचा कापूस आणि स्वतः बंडूजी. तिसरा क्रमांक त्यांनी निव्वळ विनयानं घेतला होता. हिंगणघाटच्या जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, रखवालदार असताना त्यांनी सरकी चोरून नेणारा एक माणूस रंगेहाथ पकडला होता. तो माणूस जिनाचा मालक निघाला आणि बंडूजी कायमचे गावी परत आले. आल्या आल्या त्यांनी घरावर पाटी रंगवली, 'बंडूजी, गुप्त हेर'. अक्षरं एवढी मोठी की अल्लीपूरच्या गाडीरस्त्यावरूनही वाचता यावीत.

गावचा कोतवाल तानबा हा त्यांचा मदतनीस. दवंडी देणं आणि चावडी सांभाळणं ही त्याची सरकारी कामं. बंडूजींचं भिंग घेऊन मागे मागे फिरणं हे कोणत्या कायद्यात बसतं, ते त्याला कधीच कळलं नाही. पण या खेपेला तो पोटतिडकीनं फिरत होता, कारण त्याची कोतवालीच पणाला लागली होती.

ते एकोणीसशे सत्तावन्न साल होतं. फ्लूची साथ देशभर पसरली होती. आरोग्य खात्याचे एक साहेब गावात येऊन भाषण करून गेले. जाताना तोंडावर बांधायचं एक पांढरं फडकं पाटलांच्या हाती देऊन म्हणाले, "हे असं वापरा." फडक्यावर जांभळा सरकारी शिक्का होता.

गावानं आज्ञा शिरसावंद्य मानली. फडकं चावडीच्या खुंटीवर टांगलं गेलं. ज्याला खोकला येई तो येऊन ते घटकाभर बांधे, पोटभर खोके आणि पुढच्याच्या हाती देई. एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं एकमेकांच्या तोंडचं फडकं मात्र बिनतक्रार बांधत. शिक्का सरकारचा, मग विटाळ कसला? तरीही ताप वाढतच गेला. तेव्हा पाटलांनी ठरवलं की फडकं कमी पडतंय, प्रत्येकानं दोनदा बांधायचं.

आणि ज्या दिवशी साहेब पुन्हा येणार होते, नेमक्या त्याच सकाळी खुंटी रिकामी दिसली.

"तानबा," गुलाबराव पाटील खोकत म्हणाले, "साहेब यायच्या आत फडकं पाह्यजे. नाई तं कोतवालीवर दुसरा माणूस पाहाव लागन."

तानबानं रिकामी खुंटी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. बंडूजींनी मात्र मिशीवरून हात फिरवला. एवढा मोठा सरकारी ऐवज गावातून प्रथमच चोरीला गेला होता, आणि त्यांना तो आनंद लपवता येत नव्हता.

भिंगातून खुंटीकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "खुंटी उंच हाय. चोर उंच हाय."

"मी रोज टांगतो ना, बंडूजी. मी तं ठेंगणा हाव."

"मंग चोर ठेंगणा हाय. तानबा, तपास पुढं सरकून राह्यला!"

दुसरा सिद्धांत अधिक खोल होता. फडक्यानं ताप दूर राहतो. म्हणजे ज्यानं ते एकट्यासाठी पळवलं, त्याला ताप नसणार. म्हणजेच गावात जो कोणी ठणठणीत असेल, तो चोर! तानबाला यात कुठे तरी गोम आहे असं वाटलं, पण ती नेमकी कुठे ते सापडेना. शिवाय बुडत्याला बंडूजींशिवाय दुसरं कोणी हाताशी नव्हतं.

ठणठणीत माणूस शोधता शोधता दोघं गावाबाहेर नत्थू धनगराच्या वाड्यावर पोचले. नत्थू धोतराचा सोगा तोंडाला लावून मेंढ्या मोजत होता.

"तुले ताप काऊन नाई बे?" बंडूजी गरजले.

"मी गावात येतच नाई. तिथं सारेच खोकून राह्यले."

"आन् हा सोगा?"

"माह्या धोतराचा हाय."

बंडूजींनी भिंगातून सोगा तपासला. "शिक्का नाई. याच्यात आपल्या कामाचं काहीच नाई. चाल."

परतीच्या वाटेवर ते एकाएकी थांबले आणि तानबाला खालून वर न्याहाळू लागले. "तानबा, तुले ताप आल्ता?"

"नाई."

"तुह्या बायकोले?"

"तिलेबी नाई..." म्हणता म्हणता तानबानं हातातलं भिंग पाठीमागे लपवलं. सिद्धांत फिरून त्याच्याच दारात आला होता.

पाटलांना आणि निम्म्या गावाला घेऊन बंडूजी तानबाच्या घरावर चालून गेले. कुंपणावर, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असं एक पांढरंशुभ्र फडकं वाळत होतं. तानबाची बायको देवकाबाई अंगण झाडत होती.

"काल सांजेले शिदोरी घेऊन चावडीवर गेलती मी, तं हे दवंडीले गेलते," ती म्हणाली. "ते फडकं असं वास मारून राह्यलं होतं, बाप्पा! आणलं, सोड्यात उकळलं, वाळू घातलं. त्याले का झालं?"

"मले सांगतलं काऊन नाई?" तानबा रडकुंडीला आला.

"तुम्ही घरी थांबाल तं सांगन ना! रातभर चावडीवर, आन् सकाळपासून या बंडूजीच्या मांगं फिरून राह्यले."

"मी सांगतलं होतं ना, चोर ठेंगणा हाय," बंडूजी ठेंगण्या देवकाबाईकडे पाहत म्हणाले.

पण पाटील फडकं उलटंपालटं करत होते. सोड्यानं शिक्का पार धुऊन काढला होता. "आता हे कोणत्या कामाचं? याचा तं सारा गुणच निघून गेला!"

एवढ्यात साहेबांची जीप आली. सगळा प्रकार ऐकून ते जीपच्या पायरीवरच बसले. "अहो, तो नमुना होता! पाहून प्रत्येकानं आपापलं करायचं, घरचं धोतर, लुगडं फाडून. आणि रोज उकळायचं! साऱ्या गावात शहाणपणाचं एकच काम झालंय, ते या बाईंनी केलंय."

"पण साहेब," पाटील म्हणाले, "घरच्या फडक्यावर सरकारी शिक्का कुठून येईन?"

"शिक्क्याचा तापाशी काही संबंध नाही!"

गाव साहेबांकडे कीव आल्यासारखं पाहू लागलं. बिनशिक्क्याचं कोणी बांधणार नाही, हे एकेका चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पाटलांनी तानबाकडे बोट केलं. "साहेब, सरकारी मालाची नासाडी झाली. याची कोतवाली काढा."

तानबानं हात जोडले. "साहेब, तो शिक्का तुमच्यापाशी हाय का? मले द्या. मी रोज सकाळी घरोघरी जाईन, ज्याच्या त्याच्या फडक्यावर छाप मारीन. पण ज्याचा कालचा छाप धुऊन गेला असंन, त्यालेच नवा."

साहेब पायरीवरून उठले. मग त्यांनी झोळीतून शिक्का आणि शाईची डबी काढून त्याच्या हातात ठेवली आणि पाटलांना म्हणाले, "या कामाला कोतवाल लागेल. हाच."

दुसऱ्या दिवसापासून गावात घरोघरी सोडा उकळू लागला. तानबा शिक्का घेऊन ऐटीत दारोदार फिरे. पाटलांचं फडकं त्यानं उन्हात धरून पाहिलं, मगच छाप उठवला.

बंडूजींच्या फडक्यावर मात्र कालचा छाप जसाच्या तसा होता.

"हा पुरावा हाय, तानबा. गुप्त हेर पुरावा धूत नसते."

"मंग आज छाप नाई," म्हणत तानबा पुढच्या दाराकडे वळला.

बंडूजी पाटीखालून दोन पावलं पुढे आले. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्यांनी हळूच हाक मारली, "तानबा! सोडा किती टाकाव लागते रे?"