पास्टर सरोद्यांचा हौद

आमच्या अकोटात पास्टर सरोद्यांना सगळी गल्ली ‘फादर’ म्हणायची आणि ते प्रत्येकाला भर रस्त्यात थांबवून दुरुस्त करायचे. “फादर नाई, पास्टर. फादरले बायको नसते. मायी आत बसून हाये.” मग पुरावा म्हणून मार्थाबाईंना हाक मारून दारात उभं करायचे. भाजीवालीने हा पुरावा वीस वर्षं पाहिला आणि वीस वर्षं फादरच म्हटलं.

ते बाप्टिस्ट. म्हणजे बाप्तिस्मा माणसाने मोठेपणी, स्वतःच्या मनाने घ्यायचा आणि सबंध पाण्याखाली जाऊन घ्यायचा. डोक्यावर चार थेंब शिंपडण्याला ते ‘कोथिंबीर ताजी ठेवणं’ म्हणत. चर्चच्या मागे त्यांनी छातीएवढा खोल हौद बांधून घेतला होता. एकदा कापसाच्या जिनिंगमधले एक वजनदार भाऊ त्यांच्या हातून निसटले आणि चांगलंच पाणी प्यायले. तेव्हापासून पास्टर सराव करू लागले. माझ्यावर, अंगणात, कोरडाच. “नाक धरा, मास्तर. गुडघे सोडा.” मी शेजारचा माळकरी शिक्षक; नाक धरून त्यांच्या हातावर किती वेळा आडवा झालो असेन, ते विठ्ठलालाच ठाऊक.

चर्चची मंडळी बत्तीस माणसांची. निम्मी गाणी संपल्यावर येत आणि सगळी मिळून एकच गोष्ट कुजबुजत: पास्टरांनी गाव भिजवलं, पोरगा मात्र कोरडाच. हा मुलगा शमुवेल. गणपती मंडळाच्या यादीत तो श्याम होता. अमरावतीला नोकरी, वय पस्तीस, आणि बापाशी बोलणं ‘पोचलो’ आणि ‘निघतो’ एवढंच. पास्टर चारचौघांत म्हणायचे, जबरदस्तीचा बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याचा फोन आला: येतो, या रविवारी घेतो. नळाला तेव्हा पाणी नव्हतं. पास्टरांनी तीन दिवस खटपट करून एक टँकर मिळवला आणि शनिवारी हौद काठोकाठ भरला. बत्तीसच्या बत्तीस माणसं वेळेवर येणार होती. असा तमाशा कोण चुकवणार?

रविवारी सकाळीच समोरचे वानखडे आजोबा वारले. खेड्यांवरून नातेवाईक यायला लागले आणि घरात आजोबांना आंघोळ घालण्यापुरतंही पाणी नव्हतं. त्यांच्यापैकी कोणी काही मागितलं नाही. पास्टरच बादली घेऊन हौदात उतरले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने सुचवलं, आधी पोराचं होऊ द्या, मग पाणी द्या.

“माणूस घरात पडून हाये, आन् मी पोरगा भिजवत बसू काय?” पास्टर म्हणाले.

शमुवेल काठावर उभा होता. त्याने पँट दुमडली, खाली उतरला आणि बादल्या वर द्यायला लागला. दोघांनी मिळून सगळा हौद उपसला. दुपारच्या एसटीने तो बाप्तिस्मा न घेताच परत गेला. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पास्टर ओसरीवर एकटेच होते. शमुवेल पुन्हा कधी येणार, असं मी विचारलं. काही बोलला नाही, म्हणाले. मग हाताला आलेल्या फोडांवर फुंकर घालू लागले.

“लहानपनापासून आज पयल्यांदा मायासंगं काम केलं त्यानं. जेवून गेला असता तं…”

आत मार्थाबाईंनी त्याच्यासाठी केलेलं मटण झाकून ठेवलं होतं. मी मटण खात नाही, हे पास्टरांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी माझं ताट मांडायला सांगितलं. मी लोणच्याशी पोळी खात पास्टर आणि मार्थाबाईंच्या मधे बसलो.