लेले काकूंचा पूल

काचेच्या पुलाशी कोणी लेले काकूंसाठी दार धरलं, तर ते बंद होईपर्यंत काकू जागच्या हलत नसत. मग स्वतः ढकलून आत जात. लीड्समध्ये हे सोपं नाही. इथली माणसं वीस पावलं मागे असलेल्यासाठीही दार धरून उभी राहतात. काकू थांबलेल्या, दार धरणारा थांबलेला, मागे रांग थांबलेली आणि सगळे एकमेकांना सॉरी म्हणताहेत. मी काकूंच्या मागे, बुटांकडे बघत.

पुण्याच्या कंपनीने मला दोन वर्षांसाठी पाठवलं होतं आणि मी काकूंच्या घरी भाड्याने राहत होते. हा पूल स्टेशनजवळच्या कार पार्कवरून निघून, रिंग रोड ओलांडून, शॉपिंग सेंटरच्या पहिल्या मजल्यातून थेट ऑफिसांच्या इमारतींपर्यंत जायचा. सगळा बंद आणि उबदार. खाली लोकांच्या छत्र्या उलट्या होत असायच्या आणि वर काकू साडीवर नुसतं कार्डिगन घालून चालत असायच्या.

पूल एका कंपनीच्या मालकीचा होता. काकूंनी लायब्ररीत वाचलं होतं, की लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं, परवानगी न घेता चालले, तर ती वाट सगळ्यांची होते. तसं होऊ नये म्हणून मालक वर्षातून एक दिवस, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पूल बंद ठेवायचे. कायदा नक्की असाच होता का, ते मी तपासलं नाही. काकूंना विचारायची तर हिंमतच नव्हती.

"बाकीचे दिवस चालू देतात म्हणे! उपकार करतात?" काकू म्हणायच्या. "मी चालते. त्यांनी देण्याचा प्रश्न येतोच कुठे?"

म्हणून त्या रविवारी काकू चालायच्याच. एकदा खिडक्या पुसणाऱ्याची बादली उचलून गेल्या, एकदा दुधाची ट्रॉली ढकलत. पुलावरच्या टेरी नावाच्या सिक्युरिटीवाल्याला हे सगळं ठाऊक होतं. इथे कोणालाही 'लव्ह' म्हणायची पद्धत आहे; पहिल्यांदा तो बिचारा म्हणाला होता, "जा तू, लव्ह. मी काही बघितलं नाही."

"नो फेवर्स, टेरी!" काकू कडाडल्या. "तू जा म्हणालास की माझी सगळी वर्षं फुकट!"

तेव्हापासून टेरी शहाणा झाला. "नो एंट्री, लव्ह," असं कडक आवाजात म्हणून तो कबुतरं बघत बसायचा. काकू खूश होऊन घुसायच्या.

मी होते त्या वर्षी काकूंचं विसावं वर्ष होतं. त्या रविवारी पुलाला नवीन कुलूप लागलेलं होतं. टेरीने आतून कार्ड लावल्याशिवाय ते उघडत नव्हतं.

"अकराला तो सिगारेट ओढायला बाहेर येतो," काकू मला म्हणाल्या. "दार मिटायच्या आत शिरायचं. तू फक्त काकांचा हात धर."

काका म्हणजे काकूंचे यजमान. ते याच पुलावरून वर्षानुवर्षं ऑफिसला गेले होते. आता रिटायर होते आणि वर्षभरापासून विसरायला लागले होते. रस्त्यावर ते सिग्नल न बघता उतरायचे, म्हणून काकू त्यांना रोज पुलावर फिरवायच्या. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ घरी बसणार होते, पण ते टाय बांधून काकूंच्या आधीच घराच्या दाराबाहेर उभे राहिले.

सव्वादहा वाजले होते. कार पार्कच्या गच्चीवर बर्फाळ वारा सुटला होता. काकांनी हँडल ओढलं. पुन्हा ओढलं.

"बंद का आहे? मला उशीर होतोय."

"अहो, थोडं थांबू या."

ते थांबेनात. दोन्ही हातांनी काच वाजवू लागले. बोटं लाल झाली होती. मी हात धरला तर त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. काचेपलीकडे टेरी कार्ड हातात घेऊन उभा होता, पण पुढे येत नव्हता. काकूंचा नियम त्याला पाठ होता.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. मग टेरीकडे.

"टेरी," त्या म्हणाल्या, "प्लीज. कॅन वी कम इन?"

टेरीने कार्ड लावलं.

आत आल्यावर काकूंनी काकांची बोटं चोळून ऊब आणली. काका पुढे चालू लागले. काकू मला हळूच म्हणाल्या, "परवानगी मागितली, आता उद्यापासून पुन्हा पहिलं वर्ष. वीस होतील तेव्हा शहाऐंशीची असेन. बघते कोण अडवतं!"

रिंग रोडच्या वर, पुलाच्या मध्यावर, काका थांबले आणि मागे वळून काकूंकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत म्हणाले,

"बाई, तुम्ही रोज या वाटेने जाता का? मला पुढचं वळण आठवत नाहीये."

"वळण नाहीच आहे," काकू म्हणाल्या. "सरळ चला. मी आहे मागे."