रागवायला येणाऱ्या रत्नाताई

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक सफरचंदं नेतात. रत्नाताई रिकाम्या हाताने जात आणि रागवून येत. सरकारी दवाखान्यात शिरल्या की समोर येईल त्या खाटेशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "काहून पडून राहिला रे? धानाचा रोवणा कोण करन, तुयी सासू?" माणूस ओळखीचा असलाच पाहिजे, असं काही नव्हतं. तो बिचारा दचकून उठून बसे. नर्सबाई म्हणत, सलाईनपेक्षा ताईंचा गुण लवकर येतो.

भंडाऱ्यातल्या आमच्या महिला सेवा मंडळाच्या त्या सगळ्यांत जुन्या सभासद. राहत मात्र नदीपलीकडे, कारध्याला, नवरा गेल्यापासून एकट्याच. दर सोमवारी पूल ओलांडून येत आणि रुग्णांच्या नातेवाइकांना खिचडी वाढत. अध्यक्षपद त्यांनी कधी घेतलं नाही. खुर्चीवर बसलं की झोप येते म्हणत. एकदा बाहेरगावच्या पाहुण्या स्त्रीशक्तीवर बोलत होत्या आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या. ताई उठून थेट माईकपाशी गेल्या. "बाई, तुमचं सारं खरं हाये. पण खिचडी निवून राहिली."

कोंढ्याच्या नेत्रशिबिरात तर त्यांनी कहर केला. एक म्हातारा ऑपरेशनला नको म्हणत होता. ताईंनी त्याला असा झापला, की तो मुकाट्याने गाडीत बसला. भंडाऱ्याला आल्यावर कळलं, ऑपरेशन त्याच्या बायकोचं होतं आणि ती तिकडे लिंबाखाली बसून राहिली होती. गाडी पुन्हा कोंढ्याला गेली. मात्र तपासल्यावर म्हाताऱ्याच्याही डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तेव्हापासून ताई ती गोष्ट स्वतःच्या हुशारीची म्हणून सांगत.

गेल्या वर्षी त्या सोमवारी येईनाशा झाल्या. फोन केला की म्हणत, एकोडीला बहिणीकडे आहे, तिला बरं नाही. मग एक दिवस ती बहीणच मला भंडाऱ्याच्या बाजारात भेटली, चांगली धडधाकट. रत्ना फोन का उचलत नाही, असं तीच मला विचारत होती.

मी तशीच कारध्याला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई खाटेवर होत्या, ओळखू येऊ नयेत इतक्या वाळलेल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी काय ते केव्हाच सांगितलं होतं. त्यांनी मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं. मी आणि त्यांच्या बहिणीने त्यांना दवाखान्यात आणलं. मंडळाच्या साऱ्याजणी भेटायला निघाल्या, तर ताईंनी निरोप पाठवला, कोणी येऊ नका.

मला राग आला. आयुष्यभर लोकांच्या खाटेशी उभ्या राहिलात आणि आता आम्हाला का अडवता, असं मी विचारलं.



"आमच्या घरचे आजारी होते ना," त्या म्हणाल्या, "तवा भेटाले येणारे सारे हळू बोलत. गोड गोड बोलत. त्याईले डॉक्टरनं काई सांगतलं नोव्हतं. लोकाईच्या बोलण्यावरूनच समजलं त्याईले. त्या दिवसापासून जेवण सोडलं त्याईनं." मग म्हणाल्या, "मी बी गोडच बोलत होती."

एवढी वर्षं आम्ही त्यांच्या रागावण्यावर हसत आलो होतो.

मी पदर खोचला. जमेल तेवढा आवाज चढवून म्हटलं, "चला, उठा आता. सोमवारी खिचडी कोण वाढन? बहाणे करून राहिल्या नुसते." पण शेवटच्या शब्दाला आवाज बसलाच.

ताईंनी माझ्या हातावर थोपटलं.

"राहू दे माय," त्या म्हणाल्या. "तुले जमत नाही."