धामणगावात दोन धम्मरत्न

फोन आला तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. गावच्या कबड्डी सामन्यांना पाहुणा म्हणून निघालेल्या धम्मरत्न इंगळेची गाडी घाटात अडकली होती; पुढे ट्रक आडवा झाला होता. "आज काही खरं नाही," एवढं त्याचा मित्र म्हणाला आणि रेंज गेली.

फोन घेणारा जाकीर गावच्या कबड्डी मंडळाचा सचिव. त्याने आधी मंचाकडे पाहायला हवं होतं, पण त्याची नजर गेली पहिल्या रांगेकडे. तिथे मधल्या खुर्चीवर दुपारी बारापासून गोजरबाई बसली होती.

गोजरबाई बासष्ट वर्षांची. आठव्या वर्षी देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. जाकीरच्या वेल्डिंगच्या दुकानाची आणि तिच्या घराची भिंत एकच. लीगचे सामने सुरू झाले की ती रोज त्याच्या टीव्हीसमोर बसायची आणि धम्मरत्न चढाईला निघाला की सगळ्यांना गप करायची. हिवरा आश्रमकडचा हा गडी आता देशभर गाजत होता. गोजरबाईला त्याचा चेहरा ठाऊक नव्हता, दम ठाऊक होता. तोही समालोचकाच्या आरडाओरड्यातून तुटक तुटक ऐकलेला.

"एकदा जवळून आयकाचा हाय मले. मंग बस," ती म्हणाली होती. जाकीरने शब्द दिला होता.

"आला का बे?" गोजरबाईने विचारलं. चपलांच्या आवाजावरून जाकीर तिला कळायचा.

"आला... म्हणजे, येऊन राह्यला."

"आला का येऊन राह्यला? एक काय ते सांग."

"आला," जाकीर म्हणाला.

आता आला म्हटल्यावर कोणीतरी आणणं भाग होतं. मांडवाच्या खांबाला टेकून निवृत्ती शेंगा खात उभा होता. उंची सहा फूट, मनगट खुंट्यासारखं. तो पिठाची गिरणी चालवायचा.

"मी? बे, मी जिंदगीत कबड्डी खेळलो नाही!"

"खेळाचं नाही. हात हातात द्याचा, नमस्कार म्हणाचं अन् सटकाचं."

"माहा आवाज ओळखत नाही का ते?"

"गिरणीत तुहा आवाज कवा आयकू आला कोणाले?"

निवृत्तीने उरलेल्या शेंगा खिशात टाकल्या. त्याने हात झटकून गोजरबाईच्या हातात दिला. तिने तो चाचपला, उलटा केला, थोपटला आणि मंचाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "काय वो सरपंचबाई! एवढा मोठा पाहुणा आला अन् सत्कार नाही?"

सरपंच पुष्पांजलीताई कालच निवृत्तीच्या गिरणीवरून दळण घेऊन गेल्या होत्या. त्यांनी निवृत्तीकडे पाहिलं. मग त्याच्या मागे हात जोडून उभ्या असलेल्या जाकीरकडे पाहिलं. मग गोजरबाईकडे. त्यांना समजायला चार सेकंद लागले. त्यांनी शाल उचलली.

माईकवर मेहबूब मास्तर होते. त्यांनी दोनदा घसा साफ केला. "आपल्या जिल्ह्याचं भूषण... धम्मरत्न इंगळे... यांचं... आगमन झालेलं आहे!"

मैदानात चारशे माणसं होती. जाकीर सगळ्यांकडे वळून हात जोडत होता, गोजरबाईकडे बोट दाखवत होता. अर्धा क्षण काहीच घडलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. चारशे माणसांतला एकही हसला नाही. बायकांच्या बाजूला निवृत्तीची बायको काजल तोंडात पदर कोंबून टाळ्या वाजवत होती.

शाल झाली, नारळ झाला. इथे थांबायला हवं होतं. पण शालीची ऊब काही वेगळीच असते. निवृत्तीने माईक हातात घेतला.

"तरुणांनी व्यायाम करावा," तो म्हणाला. "व्यसन करू नये. अन् ज्वारीचं पीठ जाडंच दळून घ्यावं."

जाकीरने माईक हिसकावला.

"भाषण झालं," गोजरबाई म्हणाली. "आता एक चढाई आयकव, लेकरा. माह्याजवळ येऊन."

"गुडघा दुखून राह्यला, मावशी."

"गुडघ्यानं कबड्डी म्हणतेत काय?"

निवृत्ती जाकीरकडे पाहू लागला. तेवढ्यात मैदानाच्या कडेला दूधवाल्याची मोटारसायकल थांबली आणि दोन कॅनच्या मधून एक तरुण उतरला. घाटातली गाड्यांची रांग तो पायी ओलांडून आला होता. बूट धुळीने पांढरे झाले होते. लोकांनी त्याला ओळखलं आणि सगळं मैदान गप झालं.

जाकीर धावत गेला. सगळी हकिकत त्याने दबक्या आवाजात सहा वाक्यांत सांगितली. सहावं वाक्य माफीचं होतं.

धम्मरत्नने निवृत्तीच्या खांद्यावरची शाल पाहिली. "मंग मी कोण?"

"तुम्ही... निवृत्ती."

"काय करते निवृत्ती?"

"गिरणी चालवते."

"बरं," धम्मरत्न म्हणाला आणि बूट काढू लागला.

माईकवरून जाकीरने जाहीर केलं, की पाहुण्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे त्यांच्या वतीने आपल्याच गावचे निवृत्ती चढाई करतील.

धम्मरत्न आखलेल्या मैदानात गेला नाही. गोजरबाईच्या खुर्चीपासून सहा पावलांवर त्याने टाचेने धुळीत रेघ ओढली, वाकून रेघेला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि दम घेतला.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

तो डावीकडून आला, उजवीकडे गेला, खुर्चीमागून फिरला. पाय वाजत नव्हते; फक्त तो एक शब्द तिच्याभोवती फिरत होता. गोजरबाईची मान त्याच्यामागे वळत होती. मास्तरांनी माईक बंद केला. पोरं कडेवर घेतलेल्या बायासुद्धा हलत नव्हत्या. मग तो समोर आला, खाली वाकला आणि दोन बोटांनी तिच्या हाताला स्पर्श केला.

गोजरबाईने त्याचं मनगट धरलं.

तीन-तीन गडी ओढत रेघ गाठणारा तो माणूस. बासष्ट वर्षांच्या बाईचा हात त्याला काय अडवणार होता? तो सुटला नाही. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणत राहिला. तिने दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला. मास्तरांचा डोळा घड्याळावर होता: तीस सेकंद, पस्तीस, चाळीस. आवाज बारीक झाला, नुसती हवा उरली, मग तीही संपली.

"बाद," गोजरबाई म्हणाली.

"बाद," त्याने कबूल केलं. धापा टाकत तो म्हणाला, "माय, मी निवृत्ती."

"हाव. लय दम हाय तुह्यात, निवृत्ती."

निवृत्ती शाल काढून द्यायला पुढे आला. धम्मरत्नने ती पुन्हा त्याच्याच खांद्यावर नीट बसवली. "राहू द्या. धम्मरत्नची हाय ते." आणि तो दूधवाल्याच्या मागे बसून, सत्काराशिवाय निघून गेला.

सामने संपल्यावर जाकीर गोजरबाईचा हात धरून तिला घरी नेत होता. वाटेत तो दोनदा थांबला.

"मावशी, एक सांगाचं होतं."

"नको सांगू."

जाकीर तिथेच थांबला. "कवा कळलं तुले?"

"मैदान गप झालं तवा. निवृत्तीसाठी कोण गप बसते बे?"

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

गोजरबाईने हात ओढून त्याला पुन्हा चालतं केलं.

"सारं गाव माह्यासाठी सोंग करून राह्यलं. तो एवढा मोठा गडी, तो बी निवृत्ती झाला. त्यात मी एकटीनंच डोळस काऊन व्हावं?"