परदेशाची रंगीत तालीम

१९९४ साली आम्ही दोघं परदेशात राहून आलो. खोटं सांगत नाही! फक्त तो परदेश आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता आणि तिथल्या सगळ्यांना आमची भाषा येत होती. आम्हीच ती बोलत नव्हतो.

झालं असं. आमची धाकटी, ठमी, नर्स होऊन युरोपातल्या एका शहरात गेली. तिथेच एका ट्राम चालवणाऱ्या शांत मुलाशी तिने लग्न केलं. शहर असं महाग, की तिथली माणसं श्वाससुद्धा जपून घेत असतील असं मला वाटायचं. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून ठमी दर रविवारी शेजारच्या टेलिफोन-काकींकडे फोन करायची. काकी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. खातं सुटलं, पण इकडची बातमी तिकडे जोडून द्यायची सवय काही सुटली नाही.

अशाच एका रविवारी ठमी म्हणाली, "आई, मला बाळ होणार आहे. सहावा सरत आलाय, तुम्ही काळजी कराल म्हणून इतके दिवस बोलले नाही." मी आनंदाने काकींच्या खुर्चीवर बसकण मारली. लगेच ती म्हणाली, "पण तुम्ही यायचं मनात आणू नका हं. आमची एकच खोली. घरमालकीण पाहुण्याला जिन्यातसुद्धा उभं करत नाही. बाहेर राहणं तुम्हाला परवडायचं नाही. मी करीन सगळं." आवाज अगदी शूर होता. लहानपणी गुडघा फुटला की असाच शूर आवाज काढायची आणि मग माझ्या पदरात तोंड खुपसून रडायची. आता तिथे पदर कुठून आणायची?

मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, मला जायचंय."

"मलाही," हे म्हणाले.

आमचा थोरला, दादा, बँकेत होता. बँकेतली माणसं आधी नाही म्हणतात आणि मग ऐकायला बसतात. "बाबा, तिथे चहाच्या एका कपात आपली आठवड्याची भाजी येते!"

"मग चहा सोडला."

"राहणार कुठे?"

"एका खोलीत दहा खाटा असतात, तिथे. तरुण पोरं राहतात, आम्ही का नाही?"

"भाषा?"

"मी मूकनाट्याचे दौरे केलेत."

"बाबा, तुम्ही त्यात पडदा ओढत होता!"

हे खरं होतं. हे नाटक कंपनीत पडद्यामागचं सगळं बघायचे. सामान, दिवे, घंटा, नट अडला की आडून वाक्य आठवून देणं. रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही, पण ह्यांच्यावाचून एकाही नटाचं पाऊल पडलं नाही. दादा थोडा नरमला. म्हणाला, "तुम्ही दोघं तिथे नीट राहाल अशी माझी खात्री पटवा. त्याच दिवशी तिकिटं काढतो."

ह्यांचे डोळे चमकले. मला ते डोळे ठाऊक होते. आणि मला तेव्हाच पळायला हवं होतं!

पुढच्या आठवड्यात दादा आणि सूनबाई तिच्या माहेरी गेले. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली आणि हे म्हणाले, "अगं, रंगीत तालीम करायची."

"कशाची?"

"परदेशाची! तालमीशिवाय मी आयुष्यात पडदा उघडला नाही. दादा येईपर्यंत आपण घरात पाऊल ठेवायचं नाही. स्वस्तातल्या खाटेवर झोपायचं, पाव आणि उकडलेली अंडी खायची, सगळीकडे पायी जायचं. आणि बाहेरच्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. तिथे आपली भाषा कुणाला येणार आहे? सगळं खुणांनी! दादा आला की म्हणायचं, हे बघ, राहून दाखवलं!"

"लोक काय म्हणतील?"

"परदेशात आपल्याला कोण ओळखतं?"

विमानात सामानाचं वजन मोजतात, म्हणून जड कपडे अंगावर चढवायचे, हाही ह्यांचाच हुकूम. कंपनीच्या पेटाऱ्यातून ह्यांनी खलनायकाचा ओव्हरकोट आणला. मला मिळाला नायिकेच्या दुष्ट सासूचा, फरची कॉलर असलेला. बाहेर ऊन असं, की कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. त्या उन्हात, स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर कोट घालून, बॅगा ओढत आम्ही दोघं जिना उतरलो. दोन भरलेल्या गाद्या गडगडत याव्यात तसे!

टेलिफोन-काकी दारातच होत्या. "अगं बाई! कुठे निघालात? आणि दादा कुठंय?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मग काकींकडे बघून दोन्ही हात पसरले, आभाळाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. त्याचा अर्थ होता, 'विमानाने लांब जातोय.' काकींनी घेतलेला अर्थ, 'आता डोक्यावर नुसतं आभाळ', त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्यांचा हात हळूच तोंडावर गेला.

"अहो, त्यांना वेगळंच वाटलं!" मी कोपऱ्यावर कुजबुजले. आपसात कुजबुजायची परवानगी होती.

"छान! म्हणजे खुणा पोचताहेत."

राहायची जागा ह्यांनी आधीच हेरून ठेवली होती. बसस्थानकामागे एक बैठी इमारत होती. बाहेर पाटी होती, 'रात्रीच्या मुक्कामाची सोय'. पाटीचा खालचा अर्धा भाग कुणाच्या तरी हातगाडीआड गेला होता. तिथे 'निराधार ज्येष्ठांसाठी' असं लिहिलेलं आम्ही वाचलं ते निघायच्या दिवशी, हातगाडी हलल्यावर.

आत टेबलाशी एक प्रेमळ चेहऱ्याच्या ताई बसल्या होत्या. आमचे कोट बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. "या आजी, बसा. घरी कोणी आहे?"

ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलूप लावल्याची खूण केली.

"मुलं?"

ह्यांनी छातीएवढ्या उंचीवर हात धरला, मग तो खूप वर नेला, म्हणजे मोठा आहे. मग दोन बोटं चालवत लांब नेली, म्हणजे गावाला गेलाय.

"घराला कुलूप लावून निघून गेला?" ताईंचे डोळे भरून आले. "त्याला ठाऊक आहे तुम्ही इथे आहात ते?"

ह्यांनी जोरजोरात मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. दादाला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना!

ताईंनी आम्हाला खिडकीजवळच्या सगळ्यात चांगल्या खाटा दिल्या आणि गरम दूध आणून दिलं. हे माझ्या कानात म्हणाले, "बघ! परदेशी माणसं किती आतिथ्यशील असतात. उगीच नावं ठेवतो आपण."

शेजारच्या खाटेवर एक गुबगुबीत आजोबा होते. त्यांनी ह्यांना विचारलं, "मुलगे किती?"

ह्यांनी एक बोट दाखवलं.

"एकच पुरतो!" आजोबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मग आमचं परदेश बघणं सुरू झालं. सकाळी वस्तुसंग्रहालय म्हणून रद्दीवाल्यांची गल्ली, दुपारी राजवाडा म्हणून पाण्याची टाकी. कोटाच्या आत मी वाफेवर शिजत होते. भूक लागली की बागेतल्या बाकावर बसून कोरडा पाव. आणि नेमकी त्या दिवसांत सगळ्या ओळखीच्यांना बाग आठवली! दादाच्या बँकेतले शिपाईमामा आले. "आजी, असं उघड्यावर काय जेवताय? साहेब कुठे आहेत?" ह्यांनी पोटावर हात फिरवला, पावाकडे बोट दाखवून अंगठा वर केला आणि हसले. मामांना ते हसू बघवेना. ते आपला डबा आमच्या मांडीवर ठेवून डोळे पुसत निघून गेले.

"वा!" हे डबा उघडत म्हणाले, "इथे जेवणाचाही खर्च नाही!"

रविवार आला. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी म्हटलं, "अहो, आज ठमीचा फोन. मी काकींकडे जाऊन येते."

"आपण ठमीच्या शहरात आहोत. मग ती तिकडे फोन कशाला करील?"

"ती करणारच आहे हो! तालीम तुम्ही करताय, ती नाही!"

मी रागाने उठले आणि आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिथून काकींची खिडकी दिसत होती. पाऊल पुढे टाकवेना. आत गेले तर तालीम मोडली, तालीम मोडली तर दादाची खात्री पटायची नाही, आणि खात्री पटली नाही तर ठमी तिकडे एकटी. एवढ्यात मागून हात धरला गेला. हे माझ्या मागोमाग आले होते. कपाळावरून घाम निथळत होता आणि डोळे त्याच खिडकीवर होते. "मलाही तिचा आवाज ऐकायचा होता गं," हे म्हणाले. "पण मला आवाज नकोय. ती हवीय." मग आम्ही दोघं वळलो आणि पाण्याची टाकी बघायला गेलो.

फोन अर्थातच आला. तो काकींनी घेतला. काकींनी काय सांगितलं ते मला पुढे ठमीकडून कळलं. "पोरी, आता लपवून काय करू? दादा आणि वहिनी घराला कुलूप लावून मजा मारायला गेलेत. तुझे आई-बाबा निराधारांच्यात झोपतात आणि बागेत बसून कोरडा पाव खातात. बाबांची वाचा गेलीय. डोकंही थोडं गेलंय असं वाटतं, कारण एवढ्या उन्हात कोट घालून हिंडतात आणि पाण्याच्या टाकीला नमस्कार करतात." आम्ही नमस्कार करत नव्हतो हो! हे डोळ्यांवर हात घेऊन राजवाड्याची उंची बघत होते.

त्यानंतर दोनेक दिवसांनी आम्ही बागेतून निघालो होतो. समोर लांब कोट घातलेली एक बाई पाठमोरी उभी दिसली. शेजारी मोठी बॅग.

"परदेशी बाई!" हे हरखून म्हणाले. "खरोखरची! हिच्याशी खुणांनी बोलतो, बघच तू."

हे पुढे झाले, खांद्यावर हलकेच टकटक केली आणि ती वळायच्या आतच पाव कुठे मिळतो याची खूण सुरू केली. दोन्ही हातांनी पाव, मग तोडून तोंडात, मग हात पसरून 'कुठे?'

ती बाई वळली. कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, तुम्ही बोलत का नाही? भूक लागलीय का तुम्हाला?"

ह्यांचे हात पाव तोडता तोडता हवेतच थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यं आठवून देणाऱ्या ह्या माणसाला स्वतःचं वाक्य सापडेना. मग एकदम म्हणाले, "ठमे, तू जेवलीस का?"

ठमी बाकावर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. मी धावले. तिने माझ्या फरच्या कॉलरमध्ये तोंड खुपसलं. पदर कोटाच्या खाली कुठेतरी होता, तो सापडेपर्यंत कॉलर भिजून गेली.

रडणं ओसरतंय न ओसरतंय तोच फाटकातून दादा धावत आला. त्याच्यामागे सूनबाई, शिपाईमामा, टेलिफोन-काकी आणि निवाऱ्यातल्या ताई. गावाहून परतलेल्या दादाला म्हणे जिन्यातच सगळ्यांनी धरलं होतं.

"दादा! लाज नाही वाटली तुला?" ठमी उठून उभी राहिली.

"अगं, पण मी केलंय काय?"

"ते तुम्हीच सांगा," ताई म्हणाल्या. "आजोबांनी सगळं सांगितलंय आम्हाला."

"कसं सांगितलं? त्यांची तर वाचा गेलीय म्हणता!"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे कोटाची बटणं काढत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दादा, तालीम होती रे. आम्ही राहू शकतो तिकडे. तू तिकिटं काढ."

आधी कुणाला काही कळेना. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा सूनबाई हसली, मग काकी, मग ठमी पोट धरून हसायला लागली, तशी मी ओरडले, "अगं, बेताने! सातवा महिना आहे!" दादा एकटा हसला नाही. तो बाकावर ह्यांच्या शेजारी बसला. "बाबा, मला नुसतं सांगितलं असतंत की आईला राहवत नाहीये..." त्याने ह्यांचा ओव्हरकोट घेतला आणि उगीचच घडी घालत बसला.

तिकिटं काढायची वेळ आलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी ठमीला तपासलं आणि एवढा प्रवास केल्याबद्दल असं झापलं, की बाहेर बसलेले आम्हीसुद्धा सरळ होऊन बसलो. आता परत विमान नाही, बाळंतपण इथेच. ठमीने माझ्याकडे बघितलं. मी चेहरा गंभीर ठेवला. किती जमला, देव जाणे!

नात झाली. जावई रजा काढून आला. त्याला आमची भाषा येत नव्हती, पण त्याच्या ह्यांच्याशी खुणांनी तासन्‌तास गप्पा चालत. काय बोलत कोण जाणे, दोघं हसत मात्र असत.

आता त्यातली बरीचशी माणसं राहिली नाहीत. काकी गेल्या, त्या फोनवर बोलता बोलताच. गुबगुबीत आजोबांशी ह्यांची दोस्ती जमली होती, ती शेवटपर्यंत टिकली. ताईंच्या निवाऱ्याचे हिशेब दादाने निवृत्तीनंतर अंगावर घेतले. सूनबाई अजून मला एकटीला बाजारात पाठवत नाही. हे जाऊन आता बारा वर्षं होतील. ह्यांचं ते शहर बघायचं राहूनच गेलं. नात तिकडे वाढली आणि आता वडिलांसारखी ट्राम चालवते.

मी मात्र जाऊन आले. ठमी, जावई आणि नात, तिघांनी मिळून बोलावलं, चांगल्या हॉटेलात खोली घेतली, बघायच्या जागा ठरवल्या. मी विमानतळाच्या चकचकीत फरशीवर घसरले आणि पाय मोडला! पूर्ण मुक्काम इस्पितळात, ठमीच्याच वॉर्डात. आता कुणी विचारलं, आजी, ते शहर आहे तरी कसं, तर मी सांगते, फार सुंदर आहे. छत पांढरंशुभ्र आहे, आणि लेक येता-जाता उशी सारखी करून जाते.