बाहेर उघडणारं दार

न्हाणीघराचं दार खालून कुजलं, तेव्हा नवं दार आपणच बसवणार असं गणिताच्या मास्तरांनी जाहीर केलं. त्यांच्या सासऱ्यांची हयात सुतारकामात गेलेली. आठ दिवसांनी ते राहायला येणार होते. त्यांच्यापुढे एकदा तरी आपल्या हातचं काही ठेवावं, ही मास्तरांची लग्नापासूनची इच्छा.

"बाबांनाच करू द्या ना," बायको म्हणाली.

"या वयात त्यांनी छिन्नी धरायची? बिजागरीच्या मापाचा प्लायवुडचा साचा दारावर आवळायचा आणि त्याच्या कडेकडेने राउटर, म्हणजे खाच कोरणारं यंत्र, फिरवायचा. खाच चुकणारच नाही."

खाच चुकली नाही, बाजू चुकली. साचा उलट्या अंगाला आवळल्यामुळे तिन्ही खाचा दाराच्या आतल्याऐवजी बाहेरच्या अंगाला पडल्या. मास्तरांनी लाकडाच्या चकत्या चिकटवून त्या बुजवल्या आणि साचा आतल्या बाजूला लावला. घाईत साचा आवळणारा शिकंजा सैल राहिला. साचा सरकला, त्यामागे राउटरही गेला आणि बिजागरीच्या जागी साबणाची वडी मावेल एवढा खड्डा झाला. मग बुजवलेल्या खाचाच पुन्हा कोराव्या लागल्या. दार आता बाहेर उघडणार, म्हणून चौकटीवरची दार अडवणारी पट्टी उपटून दुसऱ्या अंगाला ठोकली.

"अहो, हे बाहेर का उघडतंय?"

"मुद्दाम. आतली जागा वाचते," मास्तर म्हणाले आणि त्यांचे कान तापले.

दार येणाऱ्या-जाणाऱ्याला शिंगं मारू लागलं. ते चौकटीत गच्च रुतून बसायचं, पण कडी बसवायचा धीर मास्तरांना उरला नव्हता. आत जाणाऱ्याने खोकत राहायचं, असं ठरलं.

सासरे आले. दुसऱ्या सकाळी न्हाणीघरातलं खोकणं थांबलं आणि धपकन आवाज झाला. घेरी येऊन ते दारालाच टेकून पडले होते. मास्तरांनी दार जपून ओढलं, तसे ते अलगद त्यांच्या हातांत आले.

"फारसं लागलेलं नाही," बोलावलेले डॉक्टर तपासून म्हणाले. "दार आत उघडणारं असतं तर ते यांच्यावरच ढकलावं लागलं असतं. कुणी बसवलं?"

"यांनी. मुद्दाम असं केलं. मीच मेली कुरकुरत होते," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मास्तरांना झालं.

दुपारी सासऱ्यांनी दाराच्या कडेवरच्या त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "जावईबापू, ही दूरदृष्टी सुचण्याआधी इथे बरंच काही सुचलेलं दिसतंय."

"चुकलं, बाबा. वर खोटंही बोललो. आत्ता सांगतो तिला."

तेवढ्यात तीच आली. "अहो, वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही असंच दार हवंय. त्यांचे सासरे थकलेत ना. मी हो म्हणून बसले."

मास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

"करतील की," सासरे म्हणाले. "साचा आवळायला मी जाईन सोबत."

लेक आत वळल्यावर ते हळूच म्हणाले, "तिला सांगायचं ते तिथून आल्यावर सांगा. एक दार सरळ बसलं, की चूक कबूल करायला सोपं जातं."